आंबलेल्या दातांचा मार्च

मार्च आला की आमच्या जुन्या गल्लीत ठोक्यांचा आवाज सुरू होतो. ठक, ठक, ठक. चिंच फोडायचा. सकाळी व्यापाऱ्याचा टेम्पो येतो, दारोदार एकेक पोतं टाकून जातो आणि बायका दगड नाहीतर लोखंडी गज घेऊन उंबऱ्याबाहेर पाय पसरून बसतात. टरफल एकीकडं, गर एकीकडं, चिंचोके तिसरीकडं. संध्याकाळी व्यापारी वजन करून माल नेतो, किलोवर मजुरी देतो. दुपारी त्या गल्लीतून नुसतं चालत गेलं तरी तोंडाला पाणी सुटतं, घसा खवखवतो आणि चपलेच्या तळाला एखादा चिंचोका चिकटून घरापर्यंत येतो.

आता मी राहतो तिथं मार्च येतो, पण आवाज येत नाही. धाराशिवच्या पार टोकाला, जिथं परवापरवापर्यंत शाळू डोलत होता तिथं, एकमेकांना खेटून उभी राहिलेली घरं आहेत. प्रत्येकाला लोखंडी फाटक. प्रत्येक फाटकाला आतून कडी. इथं मार्च आलेला कळतो तो गाडीच्या सीटवर कडुलिंबाचा फुलोरा सांडलेला दिसला म्हणजे. बाकी महिने सारखेच. पगार होतो, चार दिवसांनी मोबाईल थरथरतो, बँकेचा मेसेज येतो, हप्ता गेला. मी वाचतो आणि मोबाईल परत खिशात घालतो. दुःख नाही, आनंद नाही. कुठल्यातरी लांबच्या पाहुण्याची तब्येत बरी असल्याचं कळावं, तेवढंच.

लोक विचारतात, "सर, स्वतःचं घर झालं तवा कसं वाटलं?"

मी म्हणतो, "लई भारी वाटलं."

साफ खोटं. त्या मार्चमध्ये मला काहीच वाटलं नव्हतं. कच्च्या चिंचा खाऊन दात आंबतात ना, तसं. भाकरी दाताखाली येते, जबडा हलतो, चावणं चालू आहे हे आपल्याला कळतं, पण दाताला काही पोहोचत नाही. अख्खा महिना मी तसा आंबलेला होतो. मात्र त्या महिन्यात केलेले घोटाळे मला सगळे लख्ख आठवतात. बधिर झालेला माणूसही घोटाळे अगदी ताज्या उत्साहानं करू शकतो, हा माझा स्वतःचा शोध आहे.

मला गल्लीत सर म्हणतात. मी सर नाही. एका शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. म्हणजे काचेच्या नळ्या मांडायच्या, पोरांनी फोडल्या की काचा उचलायच्या, न फोडल्या की धुवायच्या. पण शाळेत जाणारा आणि पँटीत शर्ट खोचणारा माणूस आमच्याकडं सरच असतो. मीही कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. फुकटचा मान मिळत असेल तर माणसानं नम्रपणे गप्प राहावं.

त्या वर्षी घरमालकानं सांगितलं, "सर, पोराचं लगीन काढलंय. उन्हाळ्यात खोल्या लागतील." मालक वरच्या मजल्यावर राहायचे, आम्ही खाली. माणूस भला, पण लग्न म्हणजे लग्न. मग मी आणि माझी बायको मीना घर बघायला निघालो, आणि भाड्याचं बघता बघता विकतचं बघून आलो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि एक जिना, जो वर जाऊन आभाळात संपतो. "पुढं वरती बांधायचं झालं तर जिना तयार पाहिजे ना," असं ते घर बांधणारे काळे ठेकेदार म्हणाले. मला तो जिना फार आवडला. माझ्या सगळ्या योजना अशाच असतात, जिना आधी.

मेव्हण्यानं जळकोटहून पैसे दिले, ते इसार म्हणून काळे ठेकेदारांना दिले. बाकी बँकेचं कर्ज. ठेकेदारांनी बोट वर करून सांगितलं, "मार्चअखेर बँकेचा चेक आला तर घर तुमचं. न्हाय आला तर इसार माझा आणि घर सोनारीच्या पार्टीचं. ती पार्टी रोज फोन करती." एवढी बोली. घर जाणार, मेव्हण्याचे पैसे जाणार, आणि उन्हाळ्यात डोक्यावर छत कुठलं, तेही ठाऊक नाही. मीना परतीच्या वाटेवर फक्त एवढंच म्हणाली, "खिडक्या पूर्वेला हायेत." तिला ते घर हवं होतं, हे मला तेवढ्यावरून कळलं. ती एखादी गोष्ट मागते तेव्हा ती मागत नाही, दिशा सांगते.

आणि मग मी पहिला घोटाळा केला. तो करताना मला तो शहाणपणा वाटत होता. मी ठरवलं की हे कुणालाच सांगायचं नाही.

आमच्याकडं ही जुनी धारणा आहे. कामाचं बोललं की काम फिसकटतं. पोरीचं स्थळ, म्हशीचा सौदा, बोअरचं पाणी आणि घराचा व्यवहार, हातात आल्याशिवाय तोंडातून काढायचं नाही. मीना म्हणाली, "निदान खालाला तरी सांगू." हमीदा खाला आमची भिंतीला भिंत शेजारीण. मी म्हणालो, "कुणालाच नाही." खरं कारण नजर लागण्याचं नव्हतंच. कर्ज नाकारलं गेलं तर ते कुणाला कळू नये, हे होतं. फुकटचा मान सांभाळायचा तर एवढं करावं लागतं.

बँकेत पहिल्यांदा गेलो तो दिवस अकरावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेचा. सकाळपासून मी तो वायू तयार करत होतो ज्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. मला वर्षानुवर्षांच्या सवयीनं तो वास येतच नाही. शाळेतून तडक बँकेत गेलो, मीना रिक्षानं आली, आणि आम्ही कर्जाच्या साहेबांसमोर बसलो. साहेब बोलता बोलता थांबले. नाक फेंदारलं. शिपायाला बोलावून म्हणाले, "एसीत काही मेलंय का बघ रे." शिपाई स्टुलावर चढून बघायला लागला. मीनाला कळलं होतं. ती माझ्यापासून खुर्ची हळूहळू लांब सरकवत होती. मला वाटलं, साहेबांकडं नीट बघता यावं म्हणून सरकतेय.

"पगार एवढाच?" साहेबांनी विचारलं.

"एवढाच."

"शेतीचं काही?"

"वाटणीत एक विहीर आलीय. पाणी भावाच्या वाट्याला."

साहेब हसले नाहीत. "मिसेस काय करतात?"

मी म्हणालो, "काही नाही."

हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज गेलं की मला ते ऐकूही आलं नाही. मीना छताकडं बघत होती. छताला पंखा होता, शिपाई होता, आणि न सापडलेलं मेलेलं काहीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर ती खाटेवर मांडी घालून बसलेली. चूल थंड.

"चहा?"

"मी काही करत नाही," ती म्हणाली. अगदी शांतपणे. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

मग चहा मी केला. भाकरी मी थापली, तिचा आकार भारताच्या नकाशासारखा झाला, तीही किनाऱ्यावर फुटली. धुणं मी भिजवलं. पाणी सुटायचा दिवस होता तो. आठवडाभराचं पाणी तासाभरात भरून घ्यायचं असतं, तेही मी भरलं आणि अर्धं सांडलं. ती दुपारपर्यंत खाटेवर बसून होती. मग उठली, बाहेर गेली, आणि रोजच्यासारखी खालाशेजारी बसून चिंच फोडायला लागली. विषय संपला. माफी मागायचं माझ्या ध्यानातच आलं नाही. म्हटलं ना, आंबलो होतो.

तो रमजानचाही महिना होता. मार्चच्या त्या दुपारी, लिंबाचा फुलोरा वाऱ्यावर, कडब्याच्या गाड्यांची धूळ हवेत, आणि खाला रोजा धरून चिंच फोडत बसलेली. दिवसभर पाण्याचा थेंब नाही आणि मांडीवर आंबट गराचा ढीग. म्हणायची, "सैतान लांब कुठं जात न्हाय गं मीना, हितंच मांडीवर बसलाय." मीना तिच्यासमोर चिंचेचं बोट कधी चाटायची नाही. संध्याकाळी मशिदीचा भोंगा झाला की खाला आधी खजूर, मग घोटभर पाणी, आणि मग डोळे मिटून इतका लांब श्वास घ्यायची की आमच्या खोलीत ऐकू यायचा.

आमच्या गल्लीची आणखी एक रीत तुम्हाला सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं घडलं. कुणी अनोळखी माणूस, खांद्याला बॅग लावून, एखाद्याचं पूर्ण नाव घेत गल्लीत आला, की तो वसुलीवाला. कुणाच्या गाडीचे हप्ते, कुणाच्या मोबाईलचे, कुणाच्या बचतगटाचे. कोपऱ्यावरचा पानटपरीवाला दत्ता म्हणायचा, "पूर्ण नावानं इचारतो त्यो आपला नसतोय." अशा माणसाला गल्ली काही सांगत नाही. एका घरावर आलं की सगळी घरं मुकी होतात. शिकवलेलं नाही कुणी, ठरलेलं नाही. पाऊस आला की पापड आत नेतात, तसं.

आणि बँक कर्ज देण्याआधी चौकशीला माणूस पाठवते, हे मला माहीत होतं. साहेबांनी नंतर फोनवर सांगितलं होतं. मी ते मीनालासुद्धा सांगायला विसरलो.

तो माणूस आला त्या दिवशी मी शाळेत होतो, मीना दवाखान्यात गेली होती. संध्याकाळी गाडी लावली तर खाला दारातच उभी. ओठ वाळलेले, भोंग्याला अजून वेळ, पण डोळे चमकत होते.

"सर, आज तुझी बला टाळली म्या."

"कसली बला?"

"बॅगवाला आला व्हता. टकल्या, हातात हेल्मेट. म्हणतो, लक्ष्मण ज्ञानोबा सुरवसे हितंच राहत्यात का? म्या म्हणलं, कोण लक्ष्मण? कोण ज्ञानोबा? त्यो म्हणतो, शाळेत नोकरीला हायेत ते. म्या म्हणलं, आच्छा आच्छा, त्यो व्हय! त्यो शाळंत बाटल्या धुतो बेटा. पगार कधी व्हतो, कधी न्हाय. लई गरीब मानूस. परवाच माझ्याकडनं वाटीभर साखर नेली, अजून दिली न्हाय."

माझ्या पायातली ताकद गेली, असं लिहायला पाहिजे. पण तसं झालं नाही. मी तिथंच उभा राहून ऐकत होतो, जणू ते दुसऱ्या कुठल्या तरी सुरवसेबद्दल चाललंय.

"दत्तानं तर कमालच केली," खाला सांगत होती. "त्यानं सांगितलं, सर गाव सोडून पुण्याला गेले. आन तुझा मालक! त्यो वरनंच वरडला, भाडं थकलंय त्येचं, सापडला तर मलाबी सांगा!" ती तोंडाला पदर लावून हसली. "घर खाली कर म्हणतो, पन येळंला उभा राहतो. चांगला मानूस हाय."

मग जरा गंभीर झाली. "रोजा हाय माझा, सर. रोज्यात झूट बोलले तुझ्यासाठी. अल्ला माफ करील. घरसंसाराच्या मानसावर जप्ती नको याय."

आणि मी म्हणालो, "बरं झालं, खाला."

हा दुसरा घोटाळा. पहिल्यापेक्षा मोठा. दारामागून मीना ऐकत होती. आत गेल्यावर ती मला म्हणाली, "आत्ता सांगायचं की तिला."

"उद्या सांगू."

"उद्या काय हाय?"

उद्या काय होतं, ते मलाही माहीत नव्हतं.

उद्या बँक होती. साहेबांच्या हातात अहवाल होता. ते आधी माझ्याकडं, मग कागदाकडं, मग पुन्हा माझ्याकडं बघत होते. या वेळी मी साबणानं आंघोळ करून, शाळेत न जाता आलो होतो, पण त्याचा आता उपयोग नव्हता.

"सुरवसे, तुम्ही पुण्याला आहात की धाराशिवला?"

"साहेब, तुमच्यासमोर बसलोय."

"कागदावर तुम्ही पुण्याला आहात. भाडं थकवून गेलात." त्यांनी बोट खाली सरकवलं. "बाटल्या धुता?"

"धुतो साहेब. परीक्षानळ्याही धुतो."

"साखर उसनी घेता?"

मी टेबलावरचा पेपरवेट फिरवला.

"तुमचे शेजारी तुमच्याबद्दल इतकं वाईट का बोलतात हो?"

"वाईट नाही साहेब. प्रेमानं बोलले."

"प्रेमानं?"

"हो."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते आमच्या भागातले नव्हते, पण अगदीच परके नसावेत, कारण थोड्या वेळानं त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. म्हणाले, "मार्चएंड आहे. माझ्याकडं माणूस नाही, वेळ नाही. त्याला आणखी एकदा पाठवतो. एकदाच. या वेळी तरी घरी राहा आणि शेजाऱ्यांना म्हणावं, प्रेम जरा कमी करा."

घरी आलो. खाला उंबऱ्यावर, पोतं अर्ध्यावर. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि सांगितलं. घराचं, इसाराचं, मार्चअखेरचं, आणि तो टकल्या माणूस वसुलीचा नव्हता, कर्ज देणाऱ्यांचा होता, हेही.

ती फोडत राहिली. ठक. ठक. एक चिंच, दुसरी चिंच. मग दगड खाली ठेवला.

"म्हंजी म्या रोज्यात झूट बोलले, ते तुझं घर मोडाय?"

"तुम्हाला कुठं माहीत होतं, खाला."

"व्हय. मला ठावं नव्हतं." ती माझ्याकडं बघत नव्हती, बोटांना लागलेल्या गराकडं बघत होती. "आधी न्हाय सांगितलंस, त्ये चालतं. मानूस न्हाय सांगत. पन काल म्या सांगितलं तवा तू बरं झालं म्हणलास. तोंडावर म्हणलास."

 वारा आला, टरफलं उडून माझ्या पँटीवर बसली. मीना दारात उभी होती. तीही माझ्या मदतीला आली नाही, आणि बरोबरच होतं.

"येऊ दे त्येला," खाला म्हणाली आणि दगड उचलला. "आता म्या खरंच बोलनार. समदं खरं. एक बी झूट न्हाय."

हे ऐकून मला खरंतर हायसं वाटायला हवं होतं. पण मी घरी जाऊन बसलो आणि स्वतःबद्दलचं सगळं खरं एकेक करून आठवायला लागलो. जितकं आठवत गेलो तितकं वाटलं, की कालचं खोटंच बरं होतं.

तो माणूस पुन्हा आला ती दुपार. मी शाळेतून अर्धी रजा घेऊन घरी. खालानं फर्मान सोडलं, "तू आत बस. तोंड दाखवू नको. तुझ्यासमोर मला बोलाय शरम वाटंल." मी आणि मीना खिडकीच्या खाली, भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसलो. बाहेर ठोक्यांचा आवाज थांबला. सगळ्या गल्लीनं हात थांबवले होते.

"मावशी, परवा तुम्ही म्हणालात, ते गरीब आहेत."

"गरीबच हाय. ते झूट न्हाय. बाकी झूट व्हतं."

"इथंच राहतात?"

"हितंच. आमची भिंत एक हाय."

"भाडं?"

"भाडं येळंवर देतो. मालकानं तुला येड्यात काढलं."

"पगार किती असेल, अंदाज?"

"आकडा ठावं न्हाय. पन महिना सरत आला की ह्येंच्या घरात रोज खिचडी शिजती, वास येतो. म्हंजी कमीच असंल."

मीनानं कपाळाला हात लावला.

"दारू वगैरे?"

"न्हाय. चहा पितो. लई पितो. साखर नेली त्यो चहापायीच. आज दिली बरं का परत, त्ये बी लिवून घे."

"पत्नी काय करतात?"

आम्ही दोघंही भिंतीला घट्ट चिकटलो.

"मीना? काय करती म्हंजी? ह्ये बघ पोतं. दुपारून माझ्यासंगं चिंच फोडती. तिच्या दगडाखाली चिंचोका कधी चेचला न्हाय. सकाळी पानी, सैपाक, समदं."

"म्हणजे त्यांना वेगळं उत्पन्न आहे?"

"उत्पन्न कसलं रं बेटा. मीठमिरचीचं."

"ते धरता येत नाही, मावशी."

"नको धरू. तू इचारलंस, म्या सांगितलं."

 कागदावर पेन चालल्याची करकर. मग त्यानं शेवटचा प्रश्न विचारला. "तुम्हाला काय वाटतं, हे लोक हप्ते भरतील?"

खालानं उत्तर द्यायला वेळ घेतला. एवढा वेळ तिनं खोटं बोलताना घेतला नसावा. मला तिचा वाळलेल्या घशातला श्वास ऐकू आला.

"त्यो?" ती म्हणाली. "त्यो इसरल. ती भरल."

मीना माझ्या शेजारी बसली होती. मी तिच्याकडं बघितलं नाही. तिचा हात जमिनीवर होता, बोटांच्या पेरांना चिंचेनं आलेला तपकिरी रंग. ती नखानं फरशीची फट उकरत होती.

पुढं बँकेत साहेबांनी तो दुसरा अहवाल माझ्यासमोर उलटा धरला. खालाचं ते सगळं बोलणं, खिचडीचा वास, चहा, न चेचलेला चिंचोका, ती भरल, या सगळ्याचा तिथं एक शब्द झाला होता. "समाधानकारक."

मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली बँक म्हणजे यात्रेचा दिवस, फक्त देव दिसत नाही. छापखान्यासारखी यंत्रं चाललेली, गार झालेले चहा, एका खुर्चीवर तिघांची नजर. आम्हाला सह्या करायला एक गठ्ठा दिला. मीना प्रत्येक पानावर पूर्ण नाव लिहीत होती, शाळेतल्या फळ्यावर लिहावं तसं. मी सह्या करत गेलो. मध्येच मला माझीच सही दुसऱ्या कुणाची तरी वाटायला लागली, मी थांबून मागच्या पानावरची बघून पुढची केली. हे कर्ज फिटेल तेव्हा मी निवृत्तीच्या उंबऱ्यावर असेन, असा हिशेब साहेबांनी हसत हसत सांगितला. मीही हसलो. कुणाची तरी निवृत्ती, कुणाचा तरी उंबरा.

"अभिनंदन, सुरवसे. काय, कसं वाटतंय?"

मी म्हणालो, "साहेब, बाथरूम कुठंय?"

हेच बोललो. घर मिळालं त्या क्षणाचा माझा ऐतिहासिक उद्गार हाच आहे. खोटं कशाला सांगू.

बाहेर ऊन असं होतं, की रस्ता पांढरा दिसत होता. रसवंतीवर बसलो. चरकाला बांधलेले घुंगरू वाजत होते. मीनानं ग्लास तोंडाला लावला, खाली ठेवला.

"झालं?"

"झालं."

"म्हणजे आपलं?"

"बँकेचं. आपण राहायचं."

ती मान डोलावून उरलेला रस प्याली. दोघांपैकी कुणाच्याही डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही. शेजारच्या बाकावर एक म्हातारा चिपाडं मोजत असल्यासारखा बघत होता. मला फक्त एवढं जाणवलं की माझा उजवा पाय झोपलाय. उठताना मी लंगडत उठलो, आणि रसवंतीवाला म्हणाला, "सावकाश, काका." पहिल्यांदाच कुणी मला काका म्हणालं.

ईद झाली, पाडवा झाला, साखरेच्या गाठी उन्हानं पाझरायला लागल्या, तेव्हा आम्ही सामान हलवलं. दत्तानं टपरी बंद करून कपाट उचललं. मालकांनी वरून उतरून गादी बांधली. खालानं मिठात मळलेला वर्षाच्या चिंचेचा गोळा मीनाच्या हातात दिला. माझ्याशी ती त्या दिवसानंतर नीट बोलत होती, पण जपून बोलत होती. तडकलेलं भांडं माणूस जपून उचलतो, तसं.

"तिकडं चिंच कोण फोडतं?" तिनं मीनाला विचारलं.

"कुणी न्हाय, खाला."

"मग बाया करत्यात काय?"

"दारं लावून बसत्यात."

"या अल्ला," खाला म्हणाली आणि आपल्या पोत्याकडं वळली.

नव्या घरात पहिले काही दिवस मी भिंतींना हात लावून बघत फिरायचो. भिंत होती. गार होती. माझी होती, म्हणे. त्या आभाळात संपणाऱ्या जिन्यावर जाऊन बसायचो. लांब बार्शीकडं जाणाऱ्या गाड्यांचे आवाज, मोकळ्या रानात काढून ठेवलेल्या शाळूची धाटं, तापलेला वारा. मी वाट बघायचो, की आता वाटेल. आता छाती भरून येईल. एवढी माणसं खोटं बोलली, खरं बोलली, एका बाईनं तिच्या देवाशी घासाघीस केली, ते सगळं माझ्यासाठी, आणि मला काहीच कसं वाटत नाही? मग मी उठून खाली यायचो आणि चहा मागायचो.

नंतर मे महिन्यातली एक दुपार आली. सामान अजून थोडंच होतं, पुढची खोली रिकामी होती. टाकीत पाणी चढवायला मी मोटार लावली. आमच्याकडं पाणी म्हणजे काय ते सांगायला नको. लोक इथं पाण्याच्या दिवसावरून आठवडा मोजतात. मोटार लावली, पेपर घेऊन बसलो, आणि विसरलो. टाकी भरली, वाहिली, पाणी भिंतीवरून अंगणात, अंगणातून फाटकाखालून रस्त्यावर. समोरचा माणूस आपल्या फाटकातून बघत होता, पण तो आमच्या जुन्या गल्लीतला नव्हता, म्हणून तो काही बोलला नाही.

मीना स्वयंपाकघरातून आली. हाताला पीठ.

"अहो! डोळे फुटले का तुमचे?"

तो आवाज पुढच्या रिकाम्या खोलीत गेला, चारी भिंतींवर आपटला आणि परत आला. मी दचकलो. माझ्यापेक्षा जास्त ती दचकली. तोंडावर हात ठेवून तिनं चटकन वर बघितलं.

लग्न झाल्यापासून आम्ही दुसऱ्यांच्या घरात राहिलो. वर मालक, शेजारी भिंत, भिंतीपलीकडं माणसं. ती माझ्यावर चिडायची तेव्हा दात आवळून, ओठ न हलवता, कुजबुजत चिडायची. कधी रेडिओ मोठा करून. कधी नुसती भांडी जरा जोरात ठेवून. मला वाटायचं, स्वभावच शांत आहे हिचा. मी लोकांना सांगायचोसुद्धा, आमची मीना कधी आवाज चढवत नाही. हिला एवढा आवाज आहे, हे मला त्या दुपारपर्यंत माहीत नव्हतं.

ती छताकडं बघत उभी राहिली. वरून कुणी पाय आपटला नाही. कुणी खाकरलं नाही. वर फक्त आमची टाकी होती, वाहणारी.

तिनं तोंडावरचा हात काढला. गालाला पीठ लागलं होतं. तिनं एक लांब श्वास घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली, या खेपेला आणखी मोठ्यानं. डोळे, कान, अक्कल, माझ्या घराण्याची विसराळू परंपरा, बँकेतला तो वास, थापलेली ती भाकरी, एकेक काढून ती भिंतींवर मारत होती, आणि भिंती ते तिला परत देत होत्या.

बाहेर पाणी रस्त्यावरून उताराला चाललं होतं. मोटारीचं बटण माझ्या हाताशीच होतं. पण ते दाबलं असतं तर ती थांबली असती, म्हणून मी तसाच उभा राहिलो.